ओरानियनप्लाट्झचे तंबू आणि एक निवृत्त प्राध्यापक

येनी एर्पेनबेक यांची ‘गेहेन, गिंग, गेगांगेन’ ही जर्मन कादंबरी २०१५ साली आली. तिच्यातला निवृत्त प्राध्यापक रिचर्ड बर्लिनमध्ये उपोषणाला बसलेल्या आफ्रिकी निर्वासितांच्या शेजारून जातो, पण त्याचं तिकडे लक्षही जात नाही. रात्री टीव्हीवर बातमी लागते तेव्हा त्याला कळतं. पुढे ओळख होते, हळूहळू मैत्री. ही मैत्री अनेकांना अनपेक्षित वाटते. मला ती तितकीशी वाटत नाही, आणि त्याचं कारण इतिहासात आहे.

सुरुवात लिबियात होते. गद्दाफीच्या काळात तिथे घाना, नायजर, नायजेरियातले मजूर पोटापाण्यासाठी मोठ्या संख्येने जात. २०११ मध्ये युद्ध पेटलं. काळ्या मजुरांवर भाडोत्री सैनिक असल्याचा संशय घेतला गेला, मारहाण झाली, अनेकांना बळजबरीने बोटींत कोंबलं गेलं. त्यातल्या कित्येक बोटी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाला लागल्या. इटलीने काही काळ त्यांना सांभाळलं, मग २०१३ च्या सुरुवातीला मदतयोजना गुंडाळली आणि तात्पुरते परवाने देऊन वाटेला लावलं. त्या कागदावर जर्मनीपर्यंत जाता येत होतं, तिथे काम मात्र करता येत नव्हतं. आड येत होता डब्लिन नियम: युरोपात ज्या देशात पहिलं पाऊल पडलं, साधारणपणे त्यानेच आश्रयाचा अर्ज हाताळायचा. भूमध्य समुद्राला किनारा नसलेल्या जर्मनीला हा नियम किती सोयीचा, हे नकाशाच सांगतो.

दुसरीकडे जर्मनीत आधीपासून आलेले आश्रयार्थी वैतागलेले होते. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायला त्यांना बंदी होती. २०१२ च्या जानेवारीत दक्षिण जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग शहरातल्या आश्रयार्थींच्या निवासात एका इराणी आश्रयार्थीने आत्महत्या केली. सप्टेंबरमध्ये तिथूनच काही जण ती बंदी मोडत पायी निघाले आणि सुमारे सहाशे किलोमीटर चालून बर्लिनला पोहोचले. ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागातल्या ओरानियनप्लाट्झ चौकात तंबू उभे राहिले. लिबियाहून आलेले बरेच जण पुढे इथेच येऊन मिळाले. एप्रिल २०१४ मध्ये चौक रिकामा झाला. बर्लिन सरकारशी झालेल्या समझोत्यात प्रत्येकाचं प्रकरण स्वतंत्रपणे तपासण्याचं आश्वासन होतं. बहुतेकांच्या पदरी नकारच पडला. कादंबरी घडते ती याच काळात.

आता रिचर्डकडे वळू. महायुद्धानंतर पूर्व युरोपातून सुमारे सव्वा कोटी जर्मन उखडले गेले. सायलेशियातून (आज बहुतांश पोलंडमध्ये) आलेलं रिचर्डचं कुटुंब त्यांतलंच, आणि तो तेव्हा तान्हा होता. पुढे तो पूर्व जर्मनीचा नागरिक झाला, आणि तो देशही ३ ऑक्टोबर १९९० रोजी नकाशावरून गेला. (तेवीस वर्षांनी नेमक्या त्याच तारखेला लाम्पेदुसाजवळ बोट बुडून साडेतीनशेहून अधिक माणसं गेली.) तुम्ही कुठे वाढलात, तुमची मातृभाषा कोणती, असे प्रश्न लिहून तो निर्वासितांना भेटायला जातो. यातले काही प्रश्न त्याला स्वतःलाही विचारता आले असते.

पुस्तक आलं त्याच वर्षी जर्मनीत सुमारे नऊ लाख आश्रयार्थी आले, आणि ते त्याच लाटेवरचं पुस्तक म्हणून वाचलं गेलं. हे वाचन थोडं घाईचं आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये जर्मनीने डब्लिन नियम काही काळ बाजूला ठेवला तो सीरियाच्या लोकांपुरता. ओरानियनप्लाट्झवरच्या आफ्रिकी माणसांना ती सवलत लागू नव्हती.