पार्श्वभूमी : कर्जाचा कारखाना आणि रांगेत शेवटी उभा भागधारक

पोलाद, सिमेंट किंवा कापड कंपनीचा ताळेबंद उघडला की हल्ली पहिली नजर कर्ज आणि भागभांडवलाच्या प्रमाणावर जाते. ते १ च्या आत असलं तर ठीक, २ च्या पुढे गेलं की ‘नको रे बाबा’. गंमत म्हणजे हेच २:१ प्रमाण एके काळी सरकारी वित्तसंस्थांना सर्वसाधारण वाटायचं, आणि पोलाद-खतांसारख्या भांडवलखाऊ धंद्यांत त्याहून जास्तही चालवून घेतलं जायचं. आकडा तोच राहिला. पण कंपनी अडचणीत आली तर भागधारकाच्या हाती काय उरणार, याचं उत्तर गेल्या चाळीसेक वर्षांत कायद्याने पार बदलून टाकलं. त्यामुळे कर्जबाजारी उत्पादक कंपनीचा शेअर जोखायची जुनी पद्धत आज जशीच्या तशी वापरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर कारखान्याला दीर्घ मुदतीचं कर्ज द्यायचं काम बँकांचं नव्हतंच. त्यासाठी १९४८ साली आयएफसीआय, १९५५ साली आयसीआयसीआय आणि १९६४ साली आयडीबीआय उभ्या राहिल्या. दुसरीकडे, नवे शेअर किती अधिमूल्याने विकायचे हे दिल्लीतले भांडवली निर्गम नियंत्रक ठरवायचे. बाजारभावाने शेअर विकून पैसा उभारण्याची सोय १९९२ मध्ये ते पद रद्द झाल्यावरच आली. तोवर मोठा प्रकल्प म्हणजे मोठं कर्ज, हे गणित ठरलेलं होतं. प्रवर्तकाने थोडं भांडवल घालायचं, बाकीचं संस्थांकडून घ्यायचं आणि कारभार मात्र आपल्याच हाती ठेवायचा. संस्थांचे नामनियुक्त संचालक मंडळावर बसत, पण प्रवर्तकाला उठवण्याच्या भानगडीत ते सहसा पडत नसत.

कंपनी बुडायला आली तर काय, याचं उत्तर १९८५ च्या आजारी औद्योगिक कंपन्यांच्या कायद्याने दिलं. साचलेल्या तोट्याने नक्त मूल्य (भागभांडवल अधिक साठवलेला नफा) खाऊन टाकलं की कंपनी ‘आजारी’ ठरायची आणि १९८७ पासून काम सुरू केलेल्या बीआयएफआर या सरकारी पुनर्रचना मंडळाकडे जायची. या कायद्याचं कलम २२ फार गाजलं. प्रकरण मंडळापुढे असेपर्यंत धनकोंच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या, वसुलीला स्थगिती. हेतू चांगला होता, पण प्रत्यक्षात प्रवर्तकाला वर्षानुवर्षं छत्री मिळाली. मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागधारकांना ‘बीआयएफआरला गेलेली कंपनी’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शेअर धड जिवंत नाही, धड मेलेलाही नाही, कागद कपाटात पडून. मात्र याच ढिलाईमुळे एक आशा कायम राही : पुनर्वसन होईल, जागा विकली जाईल, काहीतरी हाती लागेल. कर्ज जास्त असलेला शेअर कवडीमोल भावाने घेऊन ठेवायची सवय बरीचशी याच काळात लागली असावी.

१९९१ मध्ये पोलादाचे परवाने सुटले आणि नवे खेळाडू उतरले. हजिऱ्याला एस्सार, कर्नाटकात तोरणगल्लूला जिंदाल विजयनगर, आणि आपल्या रायगडात पेण तालुक्यातल्या डोलवीला इस्पात. सगळ्यांची योजना साधारण एकच : संस्थांकडून कर्ज घ्यायचं, प्रचंड कारखाना उभारायचा आणि मागणी वाढेल तशी फेड करायची. पण कारखाने उभे राहत असतानाच आयात शुल्क उतरत गेलं, व्याजदर चढे होते, आणि १९९७ च्या आशियाई संकटाने जगभर पोलादाचे भाव पाडले. जुलै १९९९ मध्ये एस्सार स्टीलला २५ कोटी डॉलरच्या विदेशी रोख्यांची परतफेड जमली नाही.

इथे हिशेबातली एक खुबी सांगायला हवी, कारण शेअर घेणारे अजूनही तिथेच फसतात. कारखाना बांधून होत असताना त्यासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसत नाही. ते प्रकल्पाच्या किमतीतच मिळवलं जातं आणि ताळेबंदात ‘कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस’ या ओळीत जाऊन बसतं. म्हणून बांधकामाच्या तीन-चार वर्षांत नफा छान दिसतो. भट्टी पेटली, उत्पादन सुरू झालं की तेच व्याज सरळ नफ्यातून कापलं जायला लागतं, जोडीला घसाराही. म्हणजे ज्या तिमाहीत प्रकल्प पूर्ण झाल्याची आनंदाची बातमी येते, तिथूनच पुढे नफा घसरू शकतो. प्रकल्प रखडला तर आणखी वाईट, कारण त्या ओळीतला आकडा व्याजाने फुगत राहतो आणि एक टनही माल बाहेर पडलेला नसतो. माझ्या मते कर्ज-भांडवल प्रमाणाआधी ही ओळ आणि तिच्याखालच्या टिपा वाचाव्यात. त्या वर्षी किती व्याज प्रकल्पात जिरवलं, हे तिथे छापलेलं असतं.

२००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज पुनर्रचनेची सीडीआर व्यवस्था आणली, २००२ मध्ये बँकांना तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणारा सरफेसी कायदा झाला. हप्ते लांबले, व्याज उतरलं, आणि चीनच्या भुकेने पोलादाचे भाव पुन्हा चढले. जिंदाल विजयनगर तगली. वासिंद आणि तारापूरला कारखाने असलेली जिंदाल आयर्न २००५ मध्ये तिच्यात विलीन झाली आणि जेएसडब्ल्यू स्टील हे नाव आलं. डोलवीचं मात्र गाडं रुळावर येईना. कारखाना मोठा, धरमतरच्या खाडीमुळे बंदर दाराशी, पण कोक आणि पेलेट हा कच्चा माल बाहेरून घ्यायचा, वीज विकत घ्यायची, स्पंज आयर्नसाठी नैसर्गिक वायू हवा आणि तो पुरेसा मिळेना. भाव चढले तरी फायदा खर्चात मुरायचा, आणि जे उरेल त्यावर आधी धनकोंचा हक्क.

डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यूने इस्पातचा ४१.२९ टक्के हिस्सा २,१५७ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, शेअरमागे १९.८५ रुपये दराने. हा पैसा नव्या शेअरपोटी थेट कंपनीत आला. पुढे विलीनीकरण झालं तेव्हा प्रमाण ठरलं ७२ ला १. इस्पातचे ७२ शेअर द्या, जेएसडब्ल्यू स्टीलचा एक घ्या. ज्यांनी तो एक सांभाळला त्यांचे २०१७ च्या विभाजनात दहा झाले. दरम्यान नव्या मालकाने डोलवीतच अंबा रिव्हर कोक या उपकंपनीमार्फत कोक आणि पेलेटचे प्रकल्प उभारले, आणि ३३ लाख टनांची क्षमता आधी ५० लाखांवर, नंतर १ कोटी टनांवर गेली. जागा तीच, खाडी तीच, कर्जही पुन्हा काढलेलंच. फरक प्रति टन खर्चात पडला. म्हणून नुसता ‘कर्ज किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. पोलादाचे भाव तळाला असताना व्याज भरून काही उरतं का, हे बघावं लागतं.

पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. तिने परदेशी कंपन्या विकत घेतल्या आणि परकीय चलनातले परिवर्तनीय रोखे काढले. शेअरचा भाव वर गेला तर रोख्यांचे शेअर होतात आणि कर्ज आपोआप मिटतं. भाव कोसळला तर कोणी शेअर मागत नाही, सगळे डॉलर मागतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये २०.९ कोटी डॉलर थकले. २००५ मध्ये ५१० रुपयांना विकलेला शेअर नंतरचं विभाजन धरता १०२ रुपयांचा होतो, तर २०२२ मधला हक्कभाग (आधीच्या भागधारकांना देऊ केलेला नवा शेअर) ५ रुपयांना निघाला. कंपनी वाचली, कर्जातूनही बाहेर आली. पण तोवर शेअरची संख्या इतकी वाढली होती की जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होऊन गेला.

खरा सांधा २०१६ मध्ये बदलला. नादारी व दिवाळखोरी संहिता आली, १ डिसेंबर २०१६ पासून १९८५ चा कायदा आणि बीआयएफआर इतिहासजमा झाले. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने १२ बडी थकीत खाती या वाटेने न्यायला सांगितली. त्यांत पोलादवाल्यांचा भरणा होता. संहितेच्या कलम ५३ मध्ये वाटपाचा क्रम स्पष्ट लिहिला आहे आणि सामान्य भागधारक तळाला आहे. मे २०१८ मध्ये टाटा स्टीलने भूषण स्टील घेतली. वित्तीय धनकोंना ३५,२०० कोटी मिळाले, टाटांकडे ७२.६५ टक्के हिस्सा आला, बँकांनीही काही शेअर घेतले, आणि जुने भागधारक उरलेल्या तुकड्यात. पुढे विलीनीकरणात १५ शेअरला टाटा स्टीलचा एक मिळाला. खाद्यतेलाच्या रुची सोयामध्ये जुन्या १०० शेअरचा १ झाला. जानेवारी २०२० मध्ये बाजारात सतराएक रुपयांना पुन्हा सुरू झालेला तो शेअर जूनअखेर दीड हजारांवर गेला, पण जनतेकडे एकूण शेअर होतेच जेमतेम एक टक्का. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनच्या २०२१ मधल्या आराखड्यात तर भागधारकांना शून्य होतं. तो आराखडा पुढे अपिलात रद्द झाला, ही गोष्ट वेगळी.

भट्ट्या चालूच राहिल्या, कामगार कामावर आले, माल निघत राहिला. बदलला तो मालक. ‘एवढा मोठा कारखाना बुडणार थोडाच?’ असं म्हणून शेअर घेणाऱ्याला हा भेद आधी कळायची फारशी गरज पडली नव्हती.

माहितीच्या बाबतीतही भागधारक शेवटीच होता. कर्जाचा हप्ता चुकल्याचं बँकेला त्याच दिवशी कळतं, बाजाराला मात्र महिनोन्महिने पत्ता नसे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने ऑगस्ट २०१७ मध्ये एका दिवसात जाहीर करण्याची सक्ती आणली, आणि ती लागू व्हायच्या तोंडावर, सप्टेंबरअखेरीस, पुढे ढकलली. अखेर १ जानेवारी २०२० पासून नियम आला. बँकेच्या कर्जाचा हप्ता चुकून ३० दिवस उलटले, तर त्यापुढच्या २४ तासांत कंपनीने शेअर बाजाराला कळवायचं. त्या ३० दिवसांत शेअरचे सौदे नेहमीसारखेच चालू असतात.