रोलप्ले-शिष्टाचार (ऑनलाइन बहुखेळाडू खेळ)

रोलप्ले-शिष्टाचार : ऑनलाइन बहुखेळाडू खेळांत स्वतःचे पात्र वठवणाऱ्यांनी एकमेकांशी कसे वागावे, याविषयीचे लिखित-अलिखित संकेत. खेळाडू त्यांना नुसते ‘आरपीचे रूल्स’ म्हणतात. गुण कमावणे किंवा शत्रू मारणे बाजूला ठेवून पात्राच्या तोंडून बोलायचे, त्याच्या स्वभावाला धरून वागायचे आणि समोरच्यांबरोबर गोष्ट पुढे न्यायची, याला रोलप्ले किंवा आरपी म्हणतात. कोकण-गोव्यातल्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. पण संकासुर मरणार हे प्रेक्षकांतल्या पोरालाही ठाऊक असते. रोलप्लेमध्ये कोण मरणार हे कोणालाच ठाऊक नसते. ते ठरवायचे कोणी, या एका प्रश्नातून इथला जवळजवळ प्रत्येक संकेत निघाला आहे.

पंच कुठे गेला

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली आला. टेबलाभोवती बसून खेळायच्या या खेळात एक जण ‘डंजन मास्टर’ असतो. ‘मी भिंतीवर चढतो’ असे खेळाडू म्हणाला, की फासे टाकून चढला की पडला हे सांगण्याचा अधिकार त्याचा. वाद झाला तर त्याचा शब्द शेवटचा.

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा मजकुरी खेळ लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. तिथे पंचाची जागा यंत्राने घेतली. तलवार लागली की नाही याचा हिशेब संगणक करू लागला. मात्र ज्याचा हिशेब होत नाही असे बरेच काही उरले : कुत्सित हसणे, खुर्ची ओढून बसणे, कुणाच्या खांद्यावर हात ठेवणे. १९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या ‘टायनीमड’मध्ये तर लढाईच नव्हती, लोक तिथे जागा बांधत आणि गप्पा मारत. त्यातून ‘मश’ नावाची मजकुरी रोलप्लेची परंपरा वाढली. इथे खेळाडू आपल्या पात्राची कृती वाक्यात लिहितो आणि ते वाक्य सगळ्यांच्या पडद्यावर उमटते. उमटले म्हणजे घडले. ‘नाही घडले’ म्हणणारा पंच उरला नाही आणि ती उणीव शिष्टाचाराने भरून काढावी लागली.

प्रयत्न आणि परिणाम

या शिष्टाचाराचा कणा म्हणजे आपल्या पात्राने काय करायला घेतले ते लिहायचे, समोरच्याचे काय झाले ते समोरच्याला लिहू द्यायचे. ‘मी त्याच्या खांद्यात सुरा खुपसतो’ हे चुकीचे. ‘मी त्याच्या खांद्याचा नेम धरून सुरा चालवतो’ हे बरोबर. पुढचे वाक्य त्याचे. तो वार चुकवेल, झेलेल किंवा सुरा हिसकावून घेईल. पहिल्या प्रकाराला ‘पॉवरगेमिंग’ म्हणतात. आपल्या पात्राला कधीच काही लागू न देण्याला ‘गॉडमोडिंग’. दोन्ही शब्द सैलपणे वापरले जातात आणि दोहोंची अदलाबदलही होते, पण तक्रार एकच असते : समोरच्याला खेळायला जागाच ठेवली नाही.

हे फक्त मारामारीला लागू नाही. नवखे खेळाडू वार करताना जपून लिहितात आणि बोलताना घसरतात. ‘माझे सौंदर्य पाहून सगळे स्तब्ध होतात’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते, पण त्यात खोलीतल्या आठ पात्रांच्या मनात काय आले हे एका परक्याने परस्पर ठरवून टाकलेले असते. कुणी जांभई देत होते, कुणी बायकोच्या विरहात बुडाले होते. त्यांनी आता काय करायचे?

दुसऱ्याच्या पात्राची कृती आपण लिहिण्याचे टोक ‘लॅम्ब्डामू’ या मजकुरी जगात १९९३ च्या सुमारास दिसले. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पाव्हेल कर्टिस याने चालवलेल्या या जगात ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्रामागच्या खेळाडूने एक छोटा प्रोग्रॅम वापरला. त्यामुळे इतरांची पात्रे स्वतःच लैंगिक आणि हिंसक कृत्ये करत आहेत असे सगळ्यांना दिसू लागले. त्या पात्रांचे मालक हताशपणे वाचत राहिले. पुढे ते पात्र काढून टाकण्यात आले आणि रहिवाशांनी अर्ज करून मतदानाने निर्णय घेण्याची पद्धत तिथे सुरू झाली. प्रयत्न-परिणामाचा संकेत या घटनेतून जन्मला असे नाही. तो का हवा हे मात्र यानंतर कुणाला समजावत बसावे लागले नाही.

दोघांचे जमत नसेल तर फासे टाकतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात रोल ही आज्ञा १ ते १०० मधला एक आकडा सर्वांसमोर दाखवते; ज्याचा मोठा त्याचे खरे, असे आधी ठरवून घेतात. ‘आधी’ या शब्दाला इथे महत्त्व आहे. आकडा पाहून नियम काढणाऱ्याबरोबर दुसऱ्यांदा कोणी खेळत नाही.

आतले आणि बाहेरचे

पात्र म्हणून केलेले ते ‘आयसी’, म्हणजे इन कॅरेक्टर. खेळाडू म्हणून केलेले ते ‘ओओसी’, म्हणजे आउट ऑफ कॅरेक्टर. मजकुरात बाहेरचे बोलणे दुहेरी कंसात टाकतात : ((जेवून येतो, दहा मिनिटं)). पात्र बोलत असताना मध्येच क्रिकेटचा स्कोअर विचारणारा माणूस भर प्रयोगात विंगेतून चहा मागणाऱ्यासारखा वाटतो. कंस त्यासाठी आहेत, पण त्यांचाही अतिरेक होतो. प्रत्येक वाक्यामागे कंसात हसणारा खेळाडू प्रवेश रंगू देत नाही.

‘आतले-बाहेरचे’ ही सीमा माहितीलाही लागू होते. खेळाडूला ठाऊक असलेली पण पात्राला कळण्याचा मार्ग नसलेली गोष्ट वापरणे म्हणजे ‘मेटागेमिंग’. डोक्यावर तरंगणारे नाव वाचून अनोळखी माणसाला नावाने हाक मारणे हा त्याचा सगळ्यात साधा नमुना. पहिल्या दिवशी हे बहुतेकांकडून होते. दुसऱ्याचे थेट प्रक्षेपण पाहून तो कुठे लपला आहे हे शोधणे हा गंभीर नमुना, आणि त्यासाठी अनेक सर्व्हर, म्हणजे खेळाच्या वेगवेगळ्या चालवलेल्या प्रती, बंदी घालतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने ही सीमा काही प्रमाणात यंत्रातच बसवली आहे. २००४ साली आलेल्या या खेळात अलायन्स आणि होर्ड हे दोन पक्ष. शत्रुपक्षाचे बोलणे अगम्य अक्षरांत दिसते आणि हाताने लिहिलेल्या कृतीऐवजी त्याने ‘काही विचित्र हावभाव’ केल्याचे तेवढे कळते.

या खेळाचे काही सर्व्हर रोलप्लेसाठीच राखलेले आहेत. युरोपातला आर्जंट डॉन आणि अमेरिकेतला मून गार्ड हे त्यांतले गजबजलेले. तिथे जुना खेळाडू चालीवरून ओळखू येतो. तो धावत नाही, चालतो. खेळात पात्र मुळात पळतच असते, चालण्यासाठी वेगळी कळ दाबावी लागते. गुत्त्यात पळत येऊन टेबलावर उडी मारणारा माणूस नवा, हे तोंड उघडण्याआधीच कळते. अनेक जण ‘टोटल आरपी ३’सारखे अॅडऑन, म्हणजे खेळाला वरून जोडायचे प्रोग्रॅम, बसवतात, त्यात पात्राचे वर्णन लिहिता येते. त्या वर्णनात पाहणाऱ्याला दिसेल तेवढेच असावे. भुवईवरचा व्रण लिहावा. तो सख्ख्या भावाने दिला हे लिहू नये, नाहीतर पुढे विचारायला काय उरते? ‘फायनल फँटसी १४’मध्ये नावापुढे रोलप्ले करत असल्याची खूण लावण्याची सोयच आहे. ती दिसली की त्या माणसाशी पात्र म्हणून बोलायला हरकत नाही असे समजतात.

माईकवरचे शहर

आतापर्यंत वर्णिलेले बरेचसे संकेत लिहून खेळण्यातले आहेत. बोलून खेळायचा रोलप्ले ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’वर उभ्या केलेल्या सर्व्हरांनी घराघरांत नेला. ‘फाइव्हएम’ या बाहेरच्यांनी लिहिलेल्या प्रणालीवर हे सर्व्हर चालतात. २०१५ साली मूळ कंपनी रॉकस्टारने तिच्या कर्त्यांवर कारवाई केली आणि २०२३ साली तो चमू विकत घेतला. पोलीस, डॉक्टर, टॅक्सीवाले, वकील, चोर अशा सगळ्या पात्रांमागे खरी माणसे. ‘नोपिक्सेल’सारख्या सर्व्हरांवरच्या त्यांच्या दिवसभराच्या घडामोडी ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर लाखोंनी पाहिल्या. भारतात हिंदीत चालणारे असे सर्व्हर यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणांतून माहीत झाले आणि मराठी मुले बहुधा तिथूनच आरपीकडे वळतात.

इथली भाषा वेगळी. कारण नसताना कुणालाही गोळी घालणे म्हणजे ‘आरडीएम’, गाडीखाली चिरडणे म्हणजे ‘व्हीडीएम’. बंदूक रोखली असता जिवाची भीती दाखवलीच पाहिजे. तीन बंदुकांसमोर टिवल्याबावल्या करणे हे ‘फेलआरपी’. अनेक ठिकाणी पात्र मेले की मरण्याआधीचे त्याने विसरायचे असते, म्हणजे दवाखान्यातून उठून मारेकऱ्याचा पत्ता शोधत निघता येत नाही. पकडले जाणार असे दिसताच खेळ बंद करून पळणे हा सगळ्यात हलका गुन्हा. हलका म्हणजे शिक्षेने नव्हे, प्रतिष्ठेने.

माईकवर दुहेरी कंस नसतात, म्हणून बाहेरच्या गोष्टींना आतले शब्द शोधले गेले. सर्व्हर म्हणजे ‘शहर’, खेळात येणे म्हणजे ‘जागे होणे’, संगणक अडकून बाहेर पडणे म्हणजे ‘डोके फुटणे’, आणि सर्व्हर पुन्हा चालू होणार असेल तर ‘वादळ’ किंवा ‘त्सुनामी’ येते. ‘त्सुनामी येतेय, उद्या भेटू’ असे चोराने पोलिसाला सांगावे आणि दोघांनी घरी जावे, हे दृश्य इथे रोजचे.

आवाजात न मावणाऱ्या कृतींसाठी ‘मी’ आणि ‘डू’ या दोन आज्ञा आहेत. पहिली चॅटच्या जुन्या जगातून आली. ती मराठी ‘मी’सारखीच ऐकू येते आणि अर्थानेही फार लांब नाही. तिने कृती लिहायची : दोराने हात बांधतो. दुसरीने स्थिती विचारायची किंवा सांगायची : गाठ सुटण्यासारखी आहे का? इथेही प्रयत्न एकाचा, उत्तर दुसऱ्याचे. पात्राने तोंडाने हवे तेवढे खोटे बोलावे, पण ‘डू’चे उत्तर खरेच द्यावे लागते, खिशात चाकू असताना ‘काही नाही’ असे लिहिणे लबाडी धरतात.

मराठीत खेळताना

इंग्रजीत लिहून खेळणाऱ्याला न पडणारे दोन पेच मराठीत पहिल्याच वाक्यात येतात. एक लिंगाचा. ‘आय केम’ म्हणून सुटता येते. मराठीत ‘आलो’ की ‘आले’ हे ठरवावेच लागते. स्त्रीपात्र वठवणारा मुलगा घाईत ‘थांब, मी आलो’ म्हणून जातो आणि प्रवेश फसकन बसतो. मुरलेले खेळाडू म्हणून कृती तृतीय पुरुषात आणि वर्तमानकाळात लिहितात : ‘ती खुर्ची ओढून बसते.’ खेळाडू आणि पात्र यांच्यात त्याने आपोआप अंतरही पडते.

दुसरा पेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा. हवालदाराला ‘तू’ म्हटले की भांडण लागले, ‘तुम्ही’ म्हटले की लाच देण्याची वाट उघडली, ‘साहेब’ म्हटले की कदाचित दोन्ही. संबोधन हीच इथे पहिली चाल असते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिच्याविषयी एक ओळही सापडत नाही. मित्र म्हणून रोज ‘अरे तू’ करणारे दोघे सासरा-जावई झाले, तर ‘अहो’ जिभेवर बसेपर्यंत दोन संध्याकाळी जातात. हिंदी सर्व्हरवर आपसांत मराठीत बोलण्याआधी मात्र नियम पाहावेत. वाद झाल्यास व्यवस्थापकांना समजावे म्हणून काही सर्व्हर एकाच भाषेचा आग्रह धरतात.

नवख्यासाठी

पहिली संध्याकाळ बघण्यात घालवावी. गुत्त्याच्या कोपऱ्यात बसून, कोण किती लांब लिहितो, चार जणांच्या प्रवेशात पाळी कशी फिरते हे पाहिले की निम्मे नियम वाचावे लागत नाहीत. मशमध्ये तर रूढ संकेत आहे की आपण लिहिल्यावर इतर तिघांनी लिहिल्याशिवाय पुन्हा लिहू नये. भरभर टंकणाऱ्याला तो जाचतो, पण हळू लिहिणारा त्यामुळेच टिकतो. चालू प्रवेशात शिरण्याआधी खासगी संदेशाने विचारावे.

पात्र साधे घ्यावे. हरवलेला राजपुत्र, ड्रॅगनचा वंशज, आईबाप गमावलेला अजिंक्य मारेकरी यांची गर्दी प्रत्येक सर्व्हरवर आहे, आणि ज्याच्याकडे सगळे आहे त्याला दुसऱ्याची गरज लागत नाही. कर्जात बुडालेला टॅक्सीवाला चालेल. त्याला पैसे हवेत, वाट विचारणारे हवेत, ऐकून घेणारा हवा. प्रवेश त्याच्याकडे चालून येतात. चार पानांचा पूर्वेतिहास कोणी वाचत नाही. एखादी खोड, एक भीती आणि एक अपुरे काम एवढ्यावर पात्र महिनाभर चालते. नाव त्या जगात शोभेलसे ठेवावे.

हरणे हे कसब आहे. पोलिसाच्या हाती लागलेला चोर चौकशीत रंगला, तर त्या रात्रीचा सर्वोत्तम प्रवेश तोच ठरतो. निसटून गेलेल्याला सांगायला काही नसते. नवख्यांत हे फार थोड्यांना जमते, जुन्यांतही सगळ्यांना नाही.

पडदा

पात्राचा राग खेळाडूला लागणे किंवा पात्राचे प्रेम खेळाडूच्या मनात उतरणे, याला ‘ब्लीड’ म्हणतात. तो प्रत्यक्ष जमून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांतला शब्द. कडाक्याच्या भांडणानंतर दुहेरी कंसात ‘मजा आली, ठीक आहेस ना?’ एवढे विचारण्याची पद्धत त्यासाठीच पडली. छळ, मृत्यू किंवा शृंगार यांच्या वर्णनाआधी संमती घेतात. समोरचा अल्पवयीन असेल, किंवा तशी शंका जरी असली, तरी शृंगाराचा प्रवेश होत नाही. नको वाटल्यास पडदा पाडतात : त्यानंतर काय झाले ते दोघांनी मिळून एका वाक्यात ठरवायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुढे खेळायचे. पडदा मागणाऱ्याला कारण विचारत नाहीत.

मोठ्या सर्व्हरांवर पंच परतला आहे, पण उशिरा येतो. तक्रारदाराने संगणकाच्या पडद्याचे चित्रीकरण जोडायचे, व्यवस्थापकांनी ते पाहून निर्णय द्यायचा. चूक गंभीर असेल तर प्रवेशच रद्द करतात, म्हणजे तो घडलाच नाही असे धरतात. गेलेले पैसे परत मिळतात, मेलेला उठतो आणि पात्रांना त्यातले काही आठवत नाही.