माडीवरचा हायडन

३१ मे हा ऑस्ट्रियन संगीतकार जोसेफ हायडनचा स्मृतिदिन. त्या संध्याकाळी सोलापुरात एका जुन्या वाड्याच्या माडीवर चार वादक त्याच्या रचना वाजवणार आहेत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनहून थोडा मोठा), एक चेलो (बसून, उभा धरून वाजवायचा, सगळ्यांत मोठा). माइक नाही. सतरंजीवर मावतील तेवढीच माणसं. "चांगलं नाट्यगृह असताना माडीवर कशाला?" असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून थोडं मागे जाऊन सांगतो.

हायडन १७३२ साली ऑस्ट्रियातल्या रोराऊ गावी जन्मला. बाप गाड्यांची चाकं बनवणारा कारागीर. पंचविशीच्या आसपास त्याला फ्युर्नबर्ग नावाच्या सरदारानं आपल्या गावाकडच्या वाड्यावर बोलावलं. तिथं वाजवणारे कोण? गावचा पाद्री, सरदाराचा कारभारी, एक चेलोवाला आणि स्वतः हायडन. या चौघांना जमेल असं काहीतरी लिही, एवढंच सांगणं होतं. त्यातून त्याच्या पहिल्या स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तारवाद्यांसाठीच्या रचना, आल्या. पुढे एकूण ६८ झाल्या. अशा संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात; त्यातलं 'चेंबर' म्हणजे हा दिवाणखाना. आपल्या बैठकीशी त्याचं नातं मला फार जवळचं वाटतं. गायकाचा श्वास ऐकू येतो तसा इथं गज तारेवर टेकतानाचा आवाज ऐकू यायला हवा.

१७६१ पासून हंगेरीतल्या एस्टरहाझी या सरदार घराण्याची नोकरी. १७८५ मध्ये मोझार्टनं आपल्या सहा क्वार्टेट हायडनला अर्पण केल्या. १७९० नंतर तो लंडनला गेला आणि तिथं हे संगीत तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर, मोठ्या सभागृहात वाजू लागलं. १७९३ च्या क्वार्टेटची सुरुवातच दणदणीत आहे, कारण आधी गलका थांबवायला हवा. माडीवर त्याची गरज पडत नाही.

कार्यक्रमात शेवटी 'एम्परर' क्वार्टेट आहे. बादशहा फ्रान्झसाठी हायडननं १७९७ मध्ये एक प्रार्थनागीत रचलं होतं, त्याची चाल तिच्या दुसऱ्या भागात येते. आज तीच चाल जर्मनीचं राष्ट्रगीत आहे. या भागात हायडन मूळ चालीला धक्का लावत नाही. सुरुवातीला पहिलं व्हायोलिन ती बाकीच्यांच्या साथीनं मांडतं. मग चार फेऱ्यांत ती फक्त हातोहाती फिरते: आधी दुसरं व्हायोलिन, मग चेलो, मग व्हिओला, शेवटी पुन्हा पहिलं व्हायोलिन. पहिल्या फेरीत दोन व्हायोलिनच वाजतात. चेलोवाला आणि व्हिओलावाला तेव्हा गज खाली धरून नुसते ऐकत असतात. तेवढं जरूर पाहा.

मे १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजा व्हिएन्नात शिरल्या. सत्याहत्तर वर्षांचा हायडन २६ तारखेला पियानोपाशी बसला आणि हीच चाल तीनदा वाजवली. ३१ ला तो गेला.

आपल्याकडे मे महिन्यात तारा पटापट उतरतात. वादक तासभर आधी येऊन माडीवर वाद्यं मिळवत बसतील. लवकर आलात तर तेही ऐकायला मिळेल.