कोंडायचेही नाही, सांडायचेही नाही : एलएनजी भरण्याच्या पंपावरील यंत्रणा

खानदेशातल्या बऱ्याच गुरांच्या दवाखान्यांत ॲल्युमिनियमचे, अरुंद गळ्याचे, हंड्याच्या घाटाचे एक भांडे कोपऱ्यात ठेवलेले असते. कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या रेतमात्रा त्यात उणे 196 अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात बुडवून ठेवतात. या भांड्याचे झाकण कधीच घट्ट बसत नाही. नवख्या माणसाला तो हलगर्जीपणा वाटतो, पण झाकण सैल आहे म्हणूनच भांडे सुरक्षित आहे. आतला द्रव बाहेरच्या उष्णतेने सतत थोडाथोडा उकळत असतो आणि त्याची वाफ बाहेर पडण्याची वाट बंद केली, तर ते भांडे काही दिवसांत बॉम्ब बनेल.

ट्रकमध्ये इंधन म्हणून भरल्या जाणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूची, म्हणजे एलएनजीची, अडचण याच जातीची आहे. फरक इतकाच की नत्र हवेत सोडून दिला तरी उघड्यावर काही बिघडत नाही, आणि एलएनजीची वाफ म्हणजे मुख्यतः मिथेन, जो हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून तो कोंडायचाही नाही आणि सांडायचाही नाही. एलएनजीच्या पंपावरची जवळजवळ सगळी यंत्रणा या दोन अटी एकाच वेळी पाळण्यासाठी उभी केलेली आहे, आणि ती तशी पाहिली तरच तिच्यातील प्रत्येक भागाचे प्रयोजन कळते.

मिथेन नुसता दाबून द्रव का करत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे, कारण घरातल्या सिलिंडरमधला एलपीजी तसाच द्रव झालेला असतो. याचे उत्तर 1869 साली थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर केलेल्या प्रयोगांतून मिळाले. प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते आणि त्याच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही. मिथेनसाठी हे तापमान सुमारे उणे 82 अंश आहे. सीएनजी म्हणून तो 200 ते 250 बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) दाबाखाली भरला तरी वायूच राहतो. उलट, वातावरणाच्या दाबाला उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की त्याचा पाण्यासारखा निवळ द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. तेवढ्याच टाकीत सीएनजीच्या साधारण अडीच पट इंधन मावते. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीला म्हणूनच त्याचे आकर्षण आहे.

खानदेशाला हा विषय दूरचा नाही. सुरतेजवळच्या हजिऱ्याला जहाजांतून आलेला एलएनजी उतरवून घेणारे टर्मिनल आहे, आणि त्याच हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग 53, म्हणजे जुना सहा नंबरचा रस्ता, नवापूर, धुळे, जळगाव, भुसावळ असा खानदेश आडवा कापत नागपूरकडे जातो. धुळ्याला त्याला मुंबई-आग्रा रस्ता छेदतो. ज्या रस्त्यांवरून केळीच्या आणि कापसाच्या गाड्या धावतात, त्या रस्त्यांच्या कडेला मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. टाकीच्या आत उणे 162 आणि बाहेर 45, म्हणजे स्टीलच्या दोन भिंतींमध्ये 207 अंशांचा फरक. या फरकाने आत झिरपणारी उष्णता हाच पंपावरचा खरा प्रतिपक्ष आहे. आगीचा धोका बहुतेक वेळा त्याच्या मागून येतो.

साठवणीची मोठी टाकी म्हणजे अवाढव्य थर्मास असतो. जेम्स ड्यूअर यांनी 1892 साली बनवलेल्या दुपदरी, मधली हवा काढून घेतलेल्या भांड्याचेच ते तत्त्व आहे. आतली टाकी स्टेनलेस स्टीलची, बाहेरची वेगळी, मध्ये निर्वात पोकळी, आणि त्या पोकळीत परलाइट या हलक्या खनिजाची पूड किंवा चकचकीत ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांचे अनेक थर. निर्वात पोकळी वहन आणि अभिसरण रोखते, पापुद्रे प्रारण परतवतात. जिल्हा रुग्णालयांच्या आवारात करोनाकाळात उभ्या राहिलेल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या पांढऱ्या टाक्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हिची ओळख वेगळी करून द्यायला नको.

आतल्या टाकीसाठी स्टेनलेस स्टीलच का, यामागे एक भयंकर धडा आहे. साधे पोलाद अतिशीत तापमानाला काचेसारखे ठिसूळ होते. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात 20 ऑक्टोबर 1944 रोजी साडेतीन टक्के निकेल असलेल्या पोलादाची एलएनजीची टाकी फुटली, द्रव रस्त्यांवर आणि गटारांत वाहिला, पेटला, आणि सुमारे 130 माणसे मेली. त्यानंतर अशा कामासाठी नऊ टक्के निकेलचे पोलाद किंवा ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टील वापरण्याचा दंडक पडला. हे धातू थंडीतही चिवट राहतात. मात्र आकसण्यातून त्यांचीही सुटका नाही. नेहमीच्या तापमानापासून उणे 162 पर्यंत जाताना स्टेनलेस स्टीलची नळी मीटरमागे सुमारे 3 मिलिमीटर आखडते, म्हणून पंपावरच्या नळ्या मुद्दाम वळणे देऊन किंवा लवचीक तुकडे जोडून बसवलेल्या दिसतात. सरळ आणि ताठ नळी पहिल्याच दिवशी जोडातून गळू लागेल.

साठवण टाकीतून द्रव उचलणारा पंप द्रवातच बुडवलेला असतो. गरम पंपात द्रव शिरला की तो तिथेच उकळतो आणि पंप वाफेवर नुसताच फिरत राहतो. म्हणून पहिली गाडी भरण्याआधी पंप, नळी आणि मीटर यांच्यातून थोडा द्रव फिरवून तो परत टाकीत नेतात आणि सगळा मार्ग थंड करून घेतात. उन्हात उभ्या असलेल्या चालकाला या वेळात काहीच घडत नाहीसे वाटते. घाई करून ही पायरी गाळली, तर मीटर चुकतो आणि नळीत दाबाचे हिसके बसतात.

मीटरची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात सुंदर वाटते. डिझेल लिटरवर विकता येते, कारण त्याची घनता फारशी बदलत नाही. एलएनजी उणे 162 अंशांना भरलेला आणि उणे 130 अंशांना भरलेला, एका लिटरात वेगवेगळ्या वजनाचा असतो, आणि त्यात बुडबुडे असले तर लिटरला अर्थच उरत नाही. म्हणून तो किलोवर विकतात आणि वजन न करता वस्तुमान मोजणारा कोरिओलिस मीटर वापरतात. गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिओलिस यांनी 1835 साली फिरत्या चौकटीतील गतीचे जे गणित मांडले, त्यावर तो चालतो. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळ्या एका ठरावीक कंपनसंख्येने थरथरवतात. आतून द्रव वाहू लागला की जाणारी आणि येणारी बाजू किंचित मागेपुढे होऊन नळीला पीळ पडतो, आणि तो पीळ दर सेकंदाला किती वस्तुमान वाहते याच्या प्रमाणात असतो. गाडीच्या टाकीतील वाफ दुसऱ्या नळीने पंपाकडे परत येत असेल, तर तिथेही असाच एक मीटर बसवतात आणि परत आलेले वजन बिलातून वजा करतात.

वाफेची ही परतीची नळी केवळ हिशेबासाठी नसते. दोन दिवस उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रकच्या टाकीत दाब इतका चढलेला असतो की नवा द्रव आत शिरायला तयार नसतो. आधी ती वाफ पंपाच्या टाकीत परत घ्यावी लागते. ती हवेत सोडून देणे सोपे आहे, पण मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो, तेव्हा डिझेलऐवजी एलएनजी वापरण्याचे श्रेय असे हवेत सोडून देण्यात शहाणपण नाही. काही पंपांवर ही वाफ द्रवरूप नत्राने थंड करून पुन्हा द्रव करतात, म्हणजे गुरांच्या दवाखान्यातला नत्रच येथे कामाला येतो. काही ठिकाणी ती दाबून सीएनजी म्हणून विकतात.

आता नोझल. ती गाडीच्या तोंडावर कुलूप बसावे तशी बसते, आणि दोन्ही बाजूंच्या झडपा जोड पक्का झाल्याखेरीज उघडत नाहीत. तिचा सगळ्यात क्षुल्लक वाटणारा शत्रू म्हणजे दमटपणा. जोडाच्या तोंडावर पाण्याचा एक थेंब असला तरी तो क्षणात बर्फ होतो, सील नीट बसत नाही आणि द्रव फवारतो. म्हणून प्रत्येक वेळी कोरड्या हवेच्या किंवा नत्राच्या झोताने नोझल आणि गाडीचे तोंड स्वच्छ करावे लागते. पावसाळ्यात याचा कंटाळा करणारा कामगार पंपावर नसावा. चालक नळी जोडलेली असतानाच गाडी पुढे घेईल, ही शक्यताही धरलेली असते. नळीत एक मुद्दाम कच्चा ठेवलेला जोड असतो, जो ठरावीक ओढीला सुटतो आणि सुटताच दोन्ही टोके आपोआप बंद होतात. त्याशिवाय गाडीला अर्थिंगची क्लिप लावतात, आणि कामगाराने दाबून धरायचे एक बटण असते. हात सुटला की भरणे थांबते. मुख्य झडपा हवेच्या दाबाने उघड्या धरलेल्या असतात, त्यामुळे वीज गेली, हवा गेली किंवा कोणी लाल बटण दाबले, तर स्प्रिंग त्यांना मिटवते.

इथेच ‘कोंडू नये’ ही अट पुन्हा डोके वर काढते. दोन झडपा मिटल्या आणि मधल्या नळीत द्रव अडकला, तर तो गरम होत जाऊन दाब शेकडो बारपर्यंत नेऊ शकतो आणि नळी फाडतो. म्हणून ज्या ज्या दोन झडपांच्या मध्ये द्रव अडकू शकतो, तिथे तिथे एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असावाच लागतो, आणि त्याची वाफ उंच नळकांड्यातून माणसांच्या डोक्यावरून बाहेर जाते.

गळती झालीच, तर ती नाकाला कळत नाही. घरच्या गॅसला वास यावा म्हणून त्यात गंधकाचे संयुग मिसळतात. एलएनजीमध्ये ते गोठून जाईल. त्यामुळे वायूशोधक यंत्रे, ज्वाला ओळखणारी यंत्रे आणि जमिनीलगत अचानक आलेली थंडी टिपणारे संवेदक बसवावे लागतात. डोळ्यांना दिसणारा पांढरा ढग मिथेनचा नसून हवेतल्या बाष्पाचा असतो. दमट हवेत तो मोठा दिसतो; खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र ढग लहान दिसतो आणि पेट घेऊ शकणारा वायू त्याच्या बाहेरही पसरलेला असू शकतो. हा फरक येथील कामगारांना आवर्जून शिकवला पाहिजे. सांडलेल्या द्रवावर पाणी मारणे हीही अशीच एक सहज होणारी चूक. पाण्याची उष्णता मिळाल्याने तो भडाभडा उकळतो. पाण्याचा फवारा शेजारच्या टाक्या थंड ठेवण्यासाठी आहे, द्रवाच्या थारोळ्यासाठी नाही. ज्वाळेवर कोरडी पूड वापरतात.

कामगाराचे हातमोजे सैल असतात, कारण आत द्रव गेला तर ते झटक्यात भिरकावता आले पाहिजेत. पँट बुटांच्या बाहेर असते, तोंडावर पारदर्शक ढाल असते. थंडीने भाजलेला भाग चोळायचा नसतो. तो कोमट, सुमारे 40 अंशांच्या पाण्यात धरून डॉक्टर गाठायचा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी याहून गरम असते, तेव्हा आधी हात घालून पाहावे.

ट्रकच्या टाकीत द्रव साधारण उणे 130 अंशांना आणि 8 बारच्या आसपास ठेवतात, कारण अनेक इंजिनांपर्यंत इंधन ढकलण्याचे काम हा दाबच करतो. टाकी काठोकाठ न भरता वाफेसाठी जागा सोडतात. गाडी रोज धावत असेल तर इंजिन वाफ वापरत राहते. ती दिवाळीत आठ दिवस उभी राहिली, तर दाब चढत चढत सुमारे 16 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. थंडगार मिथेन आधी जमिनीलगत पसरतो, पण उणे 110 अंशांच्या वर तापला की हवेपेक्षा हलका होऊन छताकडे जातो. म्हणून धुळ्या-जळगावच्या गॅरेजवाल्याने अशी गाडी चारी बाजूंनी बंद पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून घेऊ नये. ठेवायचीच असेल, तर आढ्याशी हवा जायला जागा करावी आणि वेल्डिंगचे काम दुसरीकडे हलवावे.