इटलीत भाड्याच्या गाडीवर लागलेला दंड: नोटीस, मुदती, पैसे भरणं आणि हरकत

इटलीहून परतल्यावर काही आठवड्यांनी क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर गाडी देणाऱ्या कंपनीच्या नावाने चाळीस-पन्नास युरो कापलेले दिसतात. बहुतेकांना वाटतं, कसला तरी दंड होता, परस्पर भरला गेला, विषय संपला. तसं नसतं. हे पैसे कंपनीच्या हाताळणी शुल्काचे. पोलिसांनी नंबर प्लेटवरून विचारणा केली, कंपनीने तुमचं नाव आणि पत्ता कळवला, त्या कामाची ही फी. करारावर सही करताना तुम्ही ती मान्य केलेली असते, त्यामुळे सहसा परत मिळत नाही. खरा दंड वेगळा असतो. त्याची नोटीस मागाहून रजिस्टर पोस्टाने येते, कधी कधी वर्ष उलटल्यावर.

पर्यटकांना लागणारे बरेचसे दंड वेगाचे नसून झेडटीएलचे, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागात शिरल्याचे असतात. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, बोलोन्या, रोम अशा शहरांच्या जुन्या भागात ठरावीक वेळी फक्त परवानाधारक गाड्यांनाच प्रवेश असतो. नाक्यावर ना अडसर असतो ना पोलीस. लाल कडेचा पांढरा गोल फलक आणि वर कॅमेरा, बस. इलेक्ट्रॉनिक पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ असेल तर बंदी चालू आहे, आत शिरू नका. ‘वार्को नॉन आत्तीवो’ असेल तर जायला हरकत नाही. नेव्हिगेशन बिनदिक्कत आतला रस्ता दाखवतं, आणि रस्ता चुकून दोन वेगळ्या नाक्यांवरून आत गेलात तर दोन नोटिसा येऊ शकतात.

नोटीस हातात आली की पाकीट टाकू नका. मुदती मोजायला त्यावरची तारीख लागते. आतल्या कागदाला ‘वेर्बाले’ म्हणतात. त्यावर वेर्बालेचा क्रमांक, गाडीचा नंबर (‘तार्गा’), रस्त्याचं किंवा नाक्याचं नाव, मिनिटापर्यंतची वेळ आणि कायद्याचं कलम असतं. झेडटीएलसाठी ते बहुधा कलम 7. आधी गाडीचा नंबर भाडेकरारावरच्या नंबराशी ताडा, मग ती वेळ गाडी घेतल्या-परत केल्याच्या वेळांमध्ये बसते का ते पाहा. सकाळी दहाला गाडी परत केली आणि नोंद दुपारची असेल, तर प्रश्न तिथेच मिटला.

मुदतीबद्दल मात्र बराच गोंधळ आहे. परदेशात राहणाऱ्याला नोटीस देण्यासाठी इटालियन वाहतूक संहितेच्या कलम 201 नुसार 360 दिवस मिळतात. भाड्याच्या गाडीत चालक कोण हे प्रशासनाला कंपनीकडून कळतं, म्हणून दिवस सहसा त्या तारखेपासून मोजले जातात, गुन्ह्याच्या तारखेपासून नव्हे. शिवाय बघितली जाते ती त्यांनी पत्र पोस्टात टाकल्याची तारीख, तुम्हाला मिळाल्याची नाही. ‘वर्ष होऊन गेलं, आता काही करू शकत नाहीत’ हा सल्ला व्हॉट्सअॅपवर फार फिरतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

आता पैसे. झेडटीएलचा किमान दंड 83 युरो आणि कमाल 332. नोटीस मिळाल्यापासून 5 दिवसांत भरला तर किमान रकमेवर 30 टक्के सूट, म्हणजे 58.10 युरो. 60 दिवसांपर्यंत पूर्ण 83. त्यानंतर कमाल रकमेच्या निम्मे, म्हणजे 166. टपाल आणि नोटिशीचा खर्च प्रत्येक वेळी वेगळा जोडला जातो. वेगाच्या दंडालाही हेच टप्पे आहेत, फक्त रकमा मोठ्या: मर्यादा 10 ते 40 किलोमीटरने ओलांडली तर किमान 173 युरो, आणि रात्री 10 ते सकाळी 7 या वेळेत त्यावर आणखी एक तृतीयांश. 40 किलोमीटरच्या पुढे वेग गेला असेल तर 5 दिवसांची सूट मिळत नाही.

भरण्याचा सोपा मार्ग म्हणजे नोटिशीवर छापलेल्या साइटवर जाऊन कार्डाने भरणं. पत्ता स्वतः टाइप करा, ईमेलमधल्या लिंकवर जाऊ नका. भारतातून बँकेमार्फत पाठवायचे तर ए2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज), बँकेचं शुल्क आणि काही दिवसांचा वेळ, एवढ्यात सवलतीची मुदत संपलेली असते. तरी तसंच करायचं असेल तर सगळं शुल्क पाठवणाऱ्याच्या खात्यावर टाकायला सांगा. मधल्या बँकेने चार युरो कापले आणि रक्कम कमी पोहोचली, तर ती केवळ आगाऊ भरणा धरली जाते आणि दंड उभाच राहतो. तपशिलात वेर्बालेचा क्रमांक आणि तार्गा लिहायला विसरू नका.

हरकत कोण घेऊ शकतं? ज्याच्या नावाने नोटीस आली तो, आणि तीही दंड भरण्याआधी. एकदा भरलात की हरकतीचा हक्क जातो. दोन दारं आहेत. ‘प्रेफेत्तो’कडे (प्रांतातला सरकारचा प्रतिनिधी अधिकारी) 60 दिवसांत रजिस्टर पोस्टाने अर्ज करता येतो. त्याला फी नाही, पण अर्ज फेटाळला तर किमान रकमेच्या निदान दुप्पट भरावे लागतात. ठरलेल्या मुदतीत निर्णय आला नाही तर मात्र अर्ज मान्य धरला जातो. दुसरं दार ‘ज्युदिचे दी पाचे’ या न्यायाधीशाचं. इटलीतल्यांना 30 दिवस, परदेशी राहणाऱ्यांना 60. छोट्या रकमांसाठी कोर्ट फी 43 युरो.

सोबत जोडायचे कागद: सही केलेला इटालियन भाषेतला अर्ज, नोटीस आणि पाकिटाची प्रत, पासपोर्टचं पहिलं पान, लायसन्स, भाडेकरार आणि गाडी परत केल्याची पावती. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर तुमच्या गाडीचा नंबर पालिकेला कळवल्याचं हॉटेलचं पत्र किंवा ईमेल हवंच. रिसेप्शनवर ‘हो हो, कळवतो’ म्हटलं म्हणजे कळवलं असं होत नाही. लेखी मागा, आणि तेही मुक्कामाच्या दिवशीच. ‘फलक इटालियनमध्ये होता’ किंवा ‘गाडी दोनच मिनिटं आत होती’ ही कारणं चालत नाहीत. हातात लेखी पुरावा नसेल तर माझ्या मते 58 युरो भरून मोकळं व्हावं. हरण्याचा खर्च त्याहून जास्त आहे.

दुर्लक्ष केलं तर? इटालियन दंड वसूल करण्यासाठी भारतीय न्यायालयात सरळ दरखास्त लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 44अ परकीय दंडाला लागूच नाही. पण इटलीत ती थकबाकी वाढत राहते आणि वसुली कंपन्यांची पत्रं येत राहतात. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींची गोष्ट वेगळी. युरोपीय संघात 70 युरो आणि त्यावरचे दंड एका देशाने दुसऱ्यासाठी वसूल करण्याची व्यवस्था आहे, आणि जर्मनीत हे काम बॉनच्या फेडरल न्याय कार्यालयाकडे असतं.

निघण्याआधी आंतरराष्ट्रीय परवाना काढला नसेल तर इटलीत त्याचाही वेगळा दंड होऊ शकतो. सारथी पोर्टलवर फॉर्म 4अ भरून आपल्या आरटीओकडे लायसन्स आणि पासपोर्टसह अर्ज करायचा, फी 1000 रुपये, परवाना जास्तीत जास्त एक वर्षाचा. दंड भरल्याची पावती पाच वर्षं जपून ठेवा, वसुलीची मुदत तेवढी आहे.