आपत्ती व्यवस्थापन (महाराष्ट्र)

पूर, दरड, भूकंप, चक्रीवादळ, अवर्षण ही नैसर्गिक संकटे आणि बॉम्बस्फोट, समुद्रमार्गे घुसखोरी, मोठ्या आगी ही मानवनिर्मित संकटे यांना तोंड देण्यासाठी राज्याने आधीपासून ठेवलेली तयारी, प्रत्यक्ष बचावकार्य आणि नंतरचे पुनर्वसन या सगळ्यांचा समावेश ‘आपत्ती व्यवस्थापन’ या संज्ञेत होतो. महाराष्ट्रात ही यंत्रणा एका आराखड्यानुसार उभी राहिली नाही. जवळजवळ प्रत्येक टप्पा एखाद्या मोठ्या दुर्घटनेनंतर जोडला गेला आहे, त्यामुळे तिचा इतिहास दुर्घटनांच्या क्रमानेच सांगावा लागतो.

कायदा आणि रचना. या व्यवस्थेचा पाया म्हणजे केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. त्यानुसार राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, राज्य कार्यकारी समितीचे मुख्य सचिव आणि जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष जिल्हा प्राधिकरणाचे सहअध्यक्ष असतात. आपत्तीच्या काळात वाहने, इमारती व साधने ताब्यात घेणे, रस्ते बंद करणे असे व्यापक अधिकार या कायद्याने दिले आहेत. २०२० मधील टाळेबंदीत त्यांचा अनुभव साऱ्या देशाने घेतला. खर्चासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असून त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यात सुदुंबरे येथे आहे, तर राज्याच्या स्वतःच्या दलाचे जवान धुळे आणि नागपूर येथे तैनात असतात. कागदावरची ही उतरंड मंत्रालयापासून सुरू होते, पण गावात ती तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), पोलीस पाटील आणि कोतवाल (आता महसूल सेवक) यांच्यावर येऊन थांबते. रात्री दोन वाजता दार ठोठावणारा माणूस यांच्यापैकीच कोणीतरी असतो.

किल्लारी, १९९३. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे घरात झोपली होती. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम होती. एवढी माणसे दगावली ती घरांच्या बांधणीमुळे. गोल दगड मातीत बसवून उभारलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी तिथली घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारी ही बांधणी हादऱ्यासरशी आत कोसळली. त्या वेळच्या भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कोयना परिसराने १९६७ मध्ये भूकंप अनुभवला होता, मराठवाड्याला मात्र ती भीती कोणी घातलीच नव्हती.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्याच कामातून राज्याची आपत्ती व्यवस्थापन योजना आणि जिल्ह्यांचे नियंत्रण कक्ष आकाराला आले. केंद्राचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने हा मार्ग धरला होता आणि त्याचे श्रेय राज्याला द्यायलाच हवे.

पाण्याचा इशारा. कोल्हापूर आणि सांगलीत पावसाळ्यात दोन आकडे सर्वांच्या तोंडी असतात. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी, तर कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ अनुक्रमे ४० आणि ४५ फूट. राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीवर गेले की ते आपोआप उघडतात, आणि ‘किती दरवाजे उघडले’ ही बातमी पाण्याच्या आधी कोल्हापुरात पोहोचते. प्रयाग चिखली, आंबेवाडी या गावांत त्या बातमीवर जनावरे सोडवायची की नाही हे ठरते. इशारा माणसांच्या रोजच्या बोलण्यात उतरला आहे, म्हणूनच तो कामाला येतो.

तरीही ऑगस्ट २०१९ च्या महापुराने ही सवय तोकडी ठरवली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद पडला. ‘२००५ ला पाणी इथवर आलं होतं’ या जुन्या खुणेवर भरवसा ठेवून पुष्कळ कुटुंबे घरातच थांबली. गोठ्यातल्या म्हशी मागे ठेवून निघायला शेतकरी तयार होत नाही, हेही त्यामागचे मोठे कारण होते. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली बोट उलटून अनेकांचा बळी गेला. माणसांबरोबर जनावरांची आणि चाऱ्याची सोय आधी लावल्याशिवाय गाव रिकामे होत नाही, हा २०१९ चा धडा; पुढे २०२१ च्या पुरात स्थलांतर तुलनेने लवकर सुरू झाले. धरणांतून पाणी केव्हा आणि किती सोडायचे हा प्रश्न दोन राज्यांचा आहे. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल (धरणामागे साचून मागे सरकणाऱ्या पाण्याबद्दल) तज्ज्ञांत आणि पूरग्रस्तांत मतभेद आहेत, पण विसर्गाची माहिती दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एकमेकांना वेळेवर द्यावी याबद्दल दुमत नाही.

मुंबई. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. दक्षिणेकडच्या कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरे बुडत असल्याचा अंदाज येणे कठीण होते, आणि लोक नेहमीप्रमाणे घरी जायला निघाले. त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, नियंत्रण कक्ष सक्षम केला (त्याचा क्रमांक १९१६), साचलेले पाणी उपसून समुद्रात सोडणारी उदंचन केंद्रे बांधली. तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ५० मिलिमीटरसाठी वाढवण्याचे काम हाती घेतले गेले. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली, तर आजही या शहराकडे लोकांना थांबवून धरण्याखेरीज फारसा उपाय नाही.

समुद्र आणि सुरक्षा. किल्लारीच्याच वर्षी, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि २५७ लोक मारले गेले. त्यासाठीची स्फोटके रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे उतरवली गेली होती. या खटल्यात सीमाशुल्क खात्याचे आणि पोलीस दलाचे काही कर्मचारीही दोषी ठरले. किनाऱ्याची सुरक्षा फितुरीने पोखरली जाते, तेव्हा गस्ती नौका किती आहेत याला अर्थ उरत नाही.

पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, दहा दहशतवादी पुन्हा समुद्रमार्गेच आले. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरलेल्या या अनोळखी तरुणांना तिथल्या लोकांनी पाहिले होते, हटकलेही होते. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो हरियाणातील मानेसरहून निघून मुंबईत पोहोचेपर्यंत रात्र सरली होती. मात्र त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर वेगळे घडले. दहशतवाद्यांनी पळवलेल्या मोटारीची खबर बिनतारी यंत्रणेवरून नाकाबंदीवरच्या पोलिसांपर्यंत वेळेत पोहोचली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत अजमल कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवली आणि तो जिवंत हाती लागला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. हातात काठी असलेल्या माणसाकडून राज्याने एवढे मागावे का, हा प्रश्न त्या शौर्याइतकाच लक्षात ठेवण्यासारखा आहे.

राम प्रधान समितीच्या चौकशीनंतर मुंबईत ‘फोर्स वन’ हे विशेष पथक उभे राहिले, सुरक्षा रक्षक दलाचे केंद्र सुरू झाले, शहरभर कॅमेरे बसले. ‘सागर कवच’ या सरावात एक गट शत्रू बनून किनाऱ्यावर उतरण्याचा प्रयत्न करतो आणि पोलीस, तटरक्षक दल व नौदल त्याला अडवतात. राज्याचा किनारा सुमारे ८७८ किलोमीटरचा (जुन्या मोजणीनुसार ७२०), अनेक खाड्यांचा आहे. त्यावर खरी नजर असते ती पहाटे होड्या लोटणाऱ्या कोळ्यांची. त्यांनी दिलेली खबर कोण लिहून घेतो आणि पुढे कोणाला कळवतो, यावर या सगळ्या खर्चाचा उपयोग ठरतो. नागरी संरक्षण दलाची आठवण मधल्या काळात पुसट झाली होती. ७ मे २०२५ च्या देशव्यापी रंगीत तालमीच्या निमित्ताने अनेक तरुणांनी भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

यादीबाहेरची गावे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. बातमी बाहेर पोहोचवली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या फेरीला आला तर त्याला गावच दिसेना. कोणत्याही नियंत्रण कक्षाला त्याआधी काही कळले नव्हते. यानंतर सह्याद्रीतील दरडप्रवण गावांची सर्वेक्षणे झाली, याद्या तयार झाल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ही ठाकर आदिवासींची वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. यंत्रे वर चढवता येईनात, म्हणून जवान आणि खोपोली परिसरातील गिर्यारोहक भर पावसात पायवाटेने चढले आणि फावड्यांनी माती उपसत राहिले. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते. आणखी ५७ जण बेपत्ताच राहिले.

यादी अपुरी असते कारण ती मागच्या घटनांवरून बनते. जमिनीला पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडे ही लक्षणे आधी तिथे राहणाऱ्यांनाच दिसतात. ती कळवायची कोणाला आणि कळवल्यावर रात्री निवारा कुठे मिळेल, हे वाडीवस्तीत ठाऊक असणे सर्वेक्षणाइतकेच गरजेचे आहे.

सद्यस्थिती. अधिनियमात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या व महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांची तरतूद केली आहे. शहरांना त्याचा लाभ होईल. धोक्याच्या वाड्यांचे कायमचे स्थलांतर मात्र रखडलेलेच असते. पायथ्याशी जागा मिळत नाही, मिळाली तर ती शेतापासून लांब असते, आणि पावसाळा संपला की विषय पुढच्या जूनपर्यंत मागे पडतो. दरम्यान तात्पुरत्या निवाऱ्यात हलवलेली कुटुंबे भाताची लावणी आणि गुरे यांच्यासाठी पुन्हा डोंगरावर जातात.