हद्द-नकाशे अद्ययावत करण्याचं प्रशिक्षण (जनगणना)

जनगणनेच्या आधी तहसील, नगरपरिषद, महापालिका इथल्या लोकांना आपापल्या हद्दीचे नकाशे आणि गाव-वॉर्डांच्या याद्या दुरुस्त करायला शिकवतात, त्या कामाबद्दलची ही नोंद. इथे मुख्यतः महाराष्ट्रातली पद्धत धरली आहे. प्रगणकांचं प्रशिक्षण वेगळं, ते नंतर होतं आणि त्याची चर्चाही जास्त होते, पण हे आधीचं काम कच्चं राहिलं तर प्रगणक कितीही चांगला असला तरी एखादी वाडी दोनदा मोजली जाते किंवा सुटतेच.

हे काम सुरू कधी झालं यावर एकमत नाही. काही जण १८७२ पासून धरतात, त्या वर्षी मुंबई इलाख्यात फेब्रुवारीत मोजणी झाली होती, पण तेव्हा सगळ्या देशात एकाच वेळी मोजणी नव्हती म्हणून बरेच जण १८८१ च पहिली खरी जनगणना मानतात. मुंबई शहरापुरतं बोलायचं तर १८६४ ची मोजणी त्याच्याही आधीची. आणि पेशवाईच्या कागदांत ‘खानेसुमारी’ येतेच, शब्दाचा अर्थच घरांची मोजणी, म्हणजे कोणतं घर कोणत्या पेठेत हे कुणीतरी आधी ठरवलेलं असणार. तरी हद्दीचा नकाशा म्हणून जे आपण ओळखतो ते मला वाटतं जमाबंदीच्या, म्हणजे शेतसारा ठरवण्यासाठीच्या जमिनीच्या मोजणीतून आलं. साधारण १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जी पद्धत बसवली त्यातून पुढे गावोगावचे नकाशे, सर्व्हे नंबर आणि शिवेचे दगड कागदावर पक्के झाले, आणि जनगणना आजही गाव मोजते ते महसुली गावच (ज्याची शिव महसूल खात्याच्या दप्तरात ठरलेली आहे ते), म्हणून १८७२ की १८८१ या वादापेक्षा हा धागा जास्त महत्त्वाचा वाटतो. जनगणना खात्यात नकाशांचं स्वतंत्र काम मात्र बरंच उशिरा, १९६१ च्या जनगणनेच्या वेळी उभं राहिलं.

कायद्याचा आधार जनगणना अधिनियम १९४८ आणि जनगणना नियम १९९०. यातल्या नियम ८ प्रमाणे ठरलेल्या तारखेपासून मोजणी संपेपर्यंत जिल्हा, तालुका, शहर, गाव यांच्या सीमा बदलता येत नाहीत, याला सीमा गोठवणं म्हणतात. २०२१ च्या जनगणनेसाठी ही तारीख ३१ डिसेंबर २०१९ होती, मग कोरोना आला आणि ती पुढे पुढे जात ३० जून २०२४ पर्यंत गेली. मधल्या मोकळ्या काळात आंध्र प्रदेशाने एप्रिल २०२२ मध्ये १३ चे २६ जिल्हे केले. २०२७ साठी सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठल्या. हे तारखांचं प्रकरण कोरडं वाटेल पण आकड्यांवर त्याचा फार परिणाम होतो. १९८१ ची मोजणी १ मार्चची आणि सिंधुदुर्ग, जालना हे जिल्हे झाले १ मे १९८१ ला, म्हणून त्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे २६ च. तसंच पालघर १ ऑगस्ट २०१४ चा, त्यामुळे २०११ च्या मूळ तक्त्यांत तो ठाण्यातच आहे.

आपापल्या भागातल्या जनगणनेची जबाबदारी असते तो चार्ज अधिकारी; ग्रामीण भागात तो म्हणजे तहसीलदार, शहरात नगरपरिषद किंवा महापालिकेचे अधिकारी. त्यांना सगळ्यात आधी शिकवतात ते हे की मागच्या जनगणनेनंतर झालेला प्रत्येक बदल राजपत्रातल्या अधिसूचनेवरूनच घ्यायचा, सगळे म्हणतात म्हणून नाही. मग जनगणनेच्या यादीतला गावाचा जुना कोड, नवा कोड (राज्याचा कोड २७), गाव कुठून कुठे गेलं, नाव बदललं का. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं २०११ नंतर बदललीत, तिथे हद्द तीच पण नोंद बदलते.

खरा घोळ इथे होतो. महाराष्ट्रात गावं ४३ हजारांवर आणि ग्रामपंचायती सुमारे २८ हजार, कारण गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात. सरपंचाच्या डोक्यातली हद्द एक, तलाठ्याच्या दप्तरातली दुसरी. वाड्या, पाडे हे वेगळं गाव नाहीत, त्यांना आईगावातच धरायचं. उलट बेचिराख गावात माणूस नसला तरी यादीत ते राहतंच, कारण त्याला शिव आहे. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं.

शहरांचं तर विचारूच नका. पुण्यात २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३, नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. निवडणुकीचा प्रभाग म्हणजे जनगणनेचा वॉर्ड असं धरून चालत नाही. पूर्वी हे सगळं नजरी नकाशावर व्हायचं, कागदावर रस्ता, ओढा, देऊळ काढून. आता उपग्रहाच्या चित्रावर वेब नकाशात घरयादी गट, म्हणजे एकेका प्रगणकाला द्यायचे घरांचे तुकडे, पाडायला शिकवतात. सोय मोठी आहे, पण चित्रात छप्पर दिसतं, शिव दिसत नाही, ती तलाठी आणि कोतवालालाच विचारावी लागते आणि प्रशिक्षणात त्यांना खालच्या खुर्चीवर बसवू नये असं मनापासून वाटतं.

अमेरिकेत हेच काम दरवर्षी होतं. तिथलं जनगणना खातं १९७२ पासून हद्द आणि सामिलीकरणाची पाहणी करतं आणि १ जानेवारीला असलेली कायदेशीर हद्द स्थानिक सरकारांकडून तपासून घेतं. तिथे आजूबाजूची जमीन शहरात घ्यायची प्रक्रिया बऱ्याच ठिकाणी शहरच चालवतं, म्हणून शिकवणी थेट त्यांना. आपल्याकडे हद्द राज्य सरकार ठरवतं, स्थानिक माणूस ती जमिनीवर कुठून जाते ते दाखवतो.